शिबिर संपल्यावर उरणारे काम कोणाचे?

वाचक भगिनीचे पत्र

आमचे गाव पलूस तालुक्यात कृष्णाकाठी आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. गावातील महिला बचत गटांच्या ग्रामसंघाची मी अध्यक्ष आहे. मागच्या गणेशोत्सवात मंडळाने एका रुग्णालयाला बोलावून मोठे आरोग्य शिबिर घेतले आणि शंभरावर माणसे तपासली गेली. माझ्या दिरांचा रक्तदाब तेव्हा १७० आणि १०० निघाला. त्यांना चिठ्ठी मिळाली आणि ती कपाटात पडून राहिली. पुढे माघात, ऊसतोडीच्या घाईत, त्यांच्या अंगावरून वारे गेले. वय अवघे सेहेचाळीस. संध्याकाळी तोंड वाकडे झाले तेव्हा आम्ही तेल चोळत बसलो आणि सकाळी दवाखान्यात नेले. आज त्यांची उजवी बाजू लुळी आहे.

आता गावात सगळ्यांनाच काहीतरी करायचे आहे. मंडळ पुन्हा शिबिर घेणार म्हणते. साखर कारखान्याचे लोक मदत देऊ म्हणतात, मिरजेचे एक रुग्णालय यायला तयार आहे आणि शीतपेयाच्या एका वितरकाने मॅरेथॉनसाठी टी-शर्ट देऊ केले आहेत. सरपंच म्हणतात, आरोग्य हे सरकारचे काम आहे. आशाताई म्हणते, माझ्याकडे आधीच कामांचा ढीग आहे. बायका म्हणतात, दिवसभर भांगलण करणाऱ्यांना व्यायाम कसला शिकवता? या सगळ्यांना एकत्र कसे आणायचे, सुरुवात कोठून करायची आणि पैसे कोठून आणायचे, ते सांगावे.

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा कपाटात पडून राहिलेल्या त्या चिठ्ठीपाशी थांबलो. तुमच्या दिरांचा आजार वेळेवर सापडला होता, आकडा नीट मोजला गेला होता आणि पुढे काय करावे हेही कागदावर लिहिले होते. मंडळाने मांडव घातला, रुग्णालयाने तपासणी केली, घरच्यांना वाटले की डॉक्टरांनी पाहिले आहे म्हणजे झाले. ती चिठ्ठी घेऊन ते आरोग्य केंद्रात गेले की नाही, हे दोन आठवड्यांनी विचारायचे काम मात्र कोणाकडेच सोपवलेले नव्हते. तुमच्या घरावर आलेल्या प्रसंगाचा दोष मी कोणा एकावर ठेवत नाही आणि तुम्हीही तो स्वतःवर घेऊ नये.

सातारा जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी असताना अशी शिबिरे मीही घेतली आहेत. दिवसभर रांगा लागत, संध्याकाळी आकडे वरच्या कार्यालयाला कळवले जात आणि महिन्याभराने गोळ्यांची नोंदवही उघडून पाहिली, की शिबिरात सापडलेल्यांपैकी मोजकीच नावे तिच्यात दिसत. त्या काळी मी लोकांच्या बेफिकिरीला दोष देत असे. तो माझा अन्याय होता, असे आज मला मनापासून वाटते. रक्तदाब वाढलेल्या माणसाला बहुधा काहीच दुखत नसते. अशा माणसाने दिवसाची मजुरी बुडवून एस.टी.ने केंद्रात यावे, रांगेत थांबावे आणि कधी कधी गोळ्या संपल्या आहेत असे ऐकून परत जावे, अशी आमची व्यवस्था होती. त्यातून माणसे गळली नसती तरच नवल.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की यंदा शिबिर घेऊ नका. निदान वर्षभर तरी नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी २१ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. या हिशेबाने तीन हजारांच्या गावात अशी चारशे-पाचशे माणसे असणार. त्यांतील बऱ्याच जणांना आपला आजार ठाऊक नसेल, पण ज्यांना ठाऊक आहे त्यांतील कितीतरी जणांच्या चिठ्ठ्या आजही कुठल्या ना कुठल्या कपाटात, फडताळात किंवा देवघराच्या मागे पडलेल्या असतील. मागच्या वर्षीच्या शिबिराची यादी मंडळाकडे किंवा त्या रुग्णालयाकडे असेल, ती मागवून घ्या. सुरुवात त्या यादीतून करा.

गावाने एकत्र येऊन काम करण्याची सवय आपल्या भागाला नवीन नाही. २०१६ साली जलसंधारणाच्या कामासाठी गावागावांत झालेल्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत साताऱ्यातील कोरेगाव तालुक्याच्या वेळू गावाने पहिला क्रमांक मिळवला. त्या स्पर्धेत उतरलेल्या गावांत एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे एकाच चरावर टिकाव-फावडे घेऊन उभी राहिली. किती घनमीटर काम झाले, किती पाणी अडले, हे रोज मोजता येत होते आणि तो आकडा साऱ्या गावाचा होता, हे त्यामागचे एक मोठे कारण असावे, असे मला वाटते. आरोग्याच्या कामात आपण मोजतो ते शिबिराला किती जण आले एवढेच, आणि तो आकडा संध्याकाळीच शिळा होतो. तुमच्या गावाने तीन आकडे धरावेत: रक्तदाब किंवा साखर वाढलेली किती माणसे नोंदीत आहेत, त्यांपैकी किती जण या महिन्यात गोळ्या घेऊन गेले, आणि किती जणांचा रक्तदाब १४० आणि ९० च्या खाली आला. कोणाचेही नाव न लिहिता हे तीन आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. मंडळ, कारखाना, रुग्णालय, पंचायत आणि तुमचा ग्रामसंघ यांनी त्या आकड्यांसाठी आपापला वाटा उचलावा. मी भागीदारी म्हणतो ती हीच. फ्लेक्सवर किती संस्थांची नावे आली, याला माझ्या लेखी फारसे मोल नाही.

आता सरकारच्या हातात काय आहे ते पाहू, कारण सरपंचांचे म्हणणे अर्धे खरे आहे. उपकेंद्रे आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ या नावाने ओळखली जातात. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात आणि तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगासाठी, तसेच स्त्रियांची स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करणे हे त्यांच्या कामात येते. आशाताई घरोघरी जाऊन जो सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका ओळखण्याची प्रश्नावली भरते, तो यासाठीच असतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि केंद्रांत उपचार मोफत आहेत. शेजारच्या सातारा जिल्ह्याचा अनुभवही उपयोगी पडेल. देशातील उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातून भंडारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा यांच्याबरोबर साताऱ्याची निवड झाली होती. त्यात ठरावीक मोजक्याच औषधांचा क्रम, एका वेळी महिन्याच्या गोळ्या, प्रत्येक रुग्णाला कार्ड आणि न आलेल्याचा शोध, एवढ्या साध्या गोष्टींवर भर दिला गेला. यात महागडे असे काहीच नाही. अवघड आहे ते न आलेल्याच्या दारात जाणे, आणि तेथेच सरकारी यंत्रणेला गावाची गरज लागते.

आशाताईचा थकवा खरा आहे आणि तिच्या तक्रारीवर कोणी नाराज होऊ नये. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा असते आणि बाळंतपणापासून क्षयरोगापर्यंतची नोंद तिच्याच वहीत होते. या कामात तिच्यावर आणखी भार टाकलात, तर पहिल्या दोन महिन्यांतच काम बंद पडेल. त्याऐवजी तुमच्या प्रत्येक बचत गटाने आपल्या गल्लीतील वीस-पंचवीस घरे वाटून घ्यावीत. महिन्यातून एकदा गटाची बैठक होतेच. त्या आठवड्यात त्या घरांतून एकच प्रश्न विचारायचा: या महिन्याच्या गोळ्या आणल्यात का? आणल्या नसतील तर कारण समजून घ्यायचे आणि ते आशाताईला आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना कळवायचे. गोळ्या कोणत्या घ्याव्यात, डोस किती असावा, याबद्दल गटातील कोणीही एक अक्षर बोलू नये. ते काम डॉक्टरांचे आहे. दरमहा ज्या कारणांची यादी तुमच्या हाती येईल, ती यादी कोणत्याही शिबिराच्या अहवालापेक्षा मोलाची असेल. वेळ जमत नाही, गोळ्यांनी पाय सुजतात, बरे वाटले म्हणून सोडल्या, सासूने काढा सुरू केला, केंद्रात गोळ्या नव्हत्या, अशी ती कारणे असतील. त्यांतील प्रत्येकावर उपाय आहे, पण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. पाय सुजत असतील तर डॉक्टर औषध बदलू शकतात. गोळ्याच नसतील तर पंचायतीने तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवायला हवे.

येथे एक गोष्ट फार जपा. कोणाला कोणता आजार आहे, हे गटाच्या बैठकीत मोठ्याने बोलले जाऊ नये. लग्नाच्या मुलीच्या आईला साखर आहे ही बातमी गावात फिरली, तर ती माउली पुन्हा कधी तपासायला येणार नाही आणि तुमच्या कामावरचा विश्वास उडेल. ज्यांनी आपण होऊन होकार दिला त्यांचीच नावे वहीत असावीत, वही एकाच जबाबदार बाईकडे असावी आणि ज्यांना गटाचा संबंध नको असेल, त्यांना थेट केंद्राशी संपर्क ठेवू द्यावा.

पुरुषांना गाठायचे कोठे, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो लवकरच उभा राहील. ते ओ.पी.डी.च्या वेळेत रानात असतात. मात्र दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ घरटी एक माणूस किटली घेऊन येतोच. आठवड्यातील एक ठरावीक सकाळ तेथे खुर्ची, टेबल आणि रक्तदाबाचे यंत्र ठेवा. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांशी आधी बोलून दोन-तीन मुलामुलींना यंत्र वापरायला शिकवून घ्या. दंडावर पट्टा बांधायचे यंत्र घ्या, मनगटाचे घेऊ नका. आल्या आल्या मोजू नका. माणसाला पाच मिनिटे पाठ टेकवून शांत बसवा, त्याने अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू घेतलेली नसावी, हात छातीच्या पातळीवर टेकलेला असावा आणि दोन वेळा मोजावे. एका वेळी आकडा थोडा वर आला म्हणून कोणाला रोगी ठरवू नका, पुन्हा बोलवा. पण वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा आणि सोबत माणूस द्या. नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नका.

कारखान्याच्या मदतीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या भागात ही बाजू नाजूक आहे. घराघराचा संसार उसावर चालतो. आरोग्याच्या नावाखाली साखरेविरुद्ध मोहीम उघडली, तर गाव तुमच्या विरोधात जाईल आणि तेही चुकीचे म्हणता येणार नाही. या ठिकाणी मला फिनलंडमधील नॉर्थ करेलिया प्रांताची आठवण येते. तेथे ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने मरत होते, म्हणून लोकांनीच सरकारकडे मदतीचा अर्ज केला आणि १९७२ साली डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. तो दुभत्याचा प्रदेश होता. घरोघरी लोणी भरपूर खाल्ले जाई आणि लोण्याविरुद्ध बोलणे म्हणजे शेतकऱ्याच्या पोटावर पाय देणे होते. त्या मंडळींनी शेतकऱ्याला शत्रू मानले नाही. त्या थंड हवेत चांगली येणारी बोरवर्गीय फळे लावण्यासाठी त्यांनी शेतकऱ्यांना साथ दिली, मांसाचे पदार्थ बनवणाऱ्यांना चरबी आणि मीठ कमी करायला लावले, आणि मार्था नावाच्या गृहिणींच्या संघटनेने गावोगावी बायकांना बोलावून तेच नेहमीचे पदार्थ नव्या पद्धतीने रांधून वाढले. पुढच्या चार दशकांत तेथील कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. अर्थात धूम्रपान कमी झाले, उपचारही सुधारले. पण संघटित गृहिणी आणि स्थानिक उत्पादक यांना सोबत घेतल्यावाचून हे झाले नसते, याबद्दल मला शंका नाही.

तेव्हा कारखान्याकडे पैसे किंवा फ्लेक्स मागू नका. त्यांच्या हातात असलेल्या दोन गोष्टी मागा. एक म्हणजे शेतकी गट कार्यालयात, जेथे शेतकरी उसाच्या नोंदीला येतात, तेथे रक्तदाब मोजण्यासाठी जागा. दुसरी गोष्ट मला अधिक तातडीची वाटते. गळिताचा हंगाम सुरू झाला, की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि पाच-सहा महिने गावाबाहेर कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या घालून राहतात. त्यांच्या गोळ्या गावी राहिलेल्या असतात आणि इकडच्या उपकेंद्राच्या यादीत त्यांचे नाव नसते. पहाटे फडात गेलेली बाई अंधारात परत येते, ती तपासायला कधी जाणार? कोणती टोळी कोणत्या फडावर आहे, हे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या स्लिपबॉयला रोज ठाऊक असते. त्याच्याकडून ठिकाण घेऊन आणि मुकादमाशी बोलून, पंधरा दिवसांतून एकदा संध्याकाळी आरोग्य पथक कोप्यांवर नेण्यासाठी कारखान्याने गाडी द्यावी. ही माणसे तुमच्या पंचायतीची मतदार नाहीत, पण अर्धे वर्ष ती तुमच्याच शिवारात राबतात.

मिरजेच्या रुग्णालयाला नकार देऊ नका. १८९४ पासून वॉनलेस रुग्णालयामुळे मिरजेला वैद्यकाची परंपरा आहे आणि ती जवळ असणे हे तुमच्या गावाचे भाग्य आहे. पण सर्वांची सरसकट तपासणी त्यांच्याकडून करून घेऊ नका. तुमच्या नोंदीतील ज्यांचा रक्तदाब औषधांनीही उतरत नाही, ज्यांना मधुमेहाला बरीच वर्षे झाली आहेत आणि ज्यांचे डोळ्यांचे पडदे, मूत्रपिंडे आणि पायांच्या संवेदना तपासायला हव्यात, अशा माणसांसाठी महिन्यातला एक दिवस आणि एक ठरलेला माणूस त्यांच्याकडून मागून घ्या. रुग्णालय धर्मादाय असेल, तर दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. तेही बैठकीत विचारून घ्या.

रुग्णालयाच्या डॉक्टरांकडून आणखी एक गोष्ट साऱ्या गावाला शिकवून घ्या आणि ती शिकवताना तुमच्या घरचा प्रसंग सांगायची तुमची तयारी असेल, तर तुम्हीच सांगा. तोंड अचानक वाकडे होणे, एका हातातली किंवा पायातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, यांतील एकही लक्षण दिसले की तेल चोळत बसायचे नाही, पाणीही पाजायचे नाही आणि त्या क्षणी १०८ ला फोन करायचा. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि त्याआधी सी.टी. स्कॅन करावे लागते. लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवायचे, कारण डॉक्टर सर्वांत आधी तेच विचारतात. पुरात बोट कोठून आणायची हे २०१९ च्या महापुरानंतर तुमच्या भागातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, तसेच हेही प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. पुराचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: कोणाला इन्सुलिन लागते आणि कोणाच्या गोळ्या चुकून चालणार नाहीत, ही यादी पावसाळ्यापूर्वी केंद्राकडे तयार असली, तर स्थलांतराच्या वेळी ती फार उपयोगी पडेल.

शीतपेयाच्या वितरकाचे टी-शर्ट घेऊ नका. ते सज्जन असतील, हेतूही चांगला असेल, पण मधुमेह टाळायला धावणाऱ्या पोराच्या छातीवर साखरेच्या पाण्याचे नाव शोभत नाही. तंबाखू आणि सुपारीच्या व्यापाऱ्यांनाही तोच नियम लावा आणि हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा, म्हणजे पुढे कोणा एकाला नाही म्हणण्याचा वाईटपणा तुमच्या वाट्याला येणार नाही. मॅरेथॉनबद्दल माझे मत अनुकूल आहे. साताऱ्यात डोंगरावरच्या शर्यतीने कितीतरी सामान्य माणसांना धावायची सवय लावली. पण तुमच्या गावात आधी तालमीचे मैदान संध्याकाळी तासभर मुली आणि बायकांसाठी मोकळे व्हावे, असे मला वाटते. कुंडलच्या कुस्ती मैदानाच्या तालुक्यात तालमीला मान आहे. तेथील वस्तादांनी शब्द टाकला, तर कोणी आडवे येणार नाही.

भांगलण करणाऱ्या बायकांचे म्हणणे बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते आणि त्या बायका ती एका दिवसात करतात. त्यांना विश्रांती, पुरेसे जेवण आणि रक्तक्षयाची तपासणी यांची गरज अधिक आहे. हालचाल वाढवायला सांगायचे ते बांधापर्यंतही मोटारसायकलवर जाणाऱ्या तरुणांना, पेढीवर आणि दुकानात बसणाऱ्यांना, आणि आता ट्रॅक्टरवरच शेती करणाऱ्यांना.

मीठ मात्र सर्वांच्याच ताटात जास्त आहे आणि येथे तुमचा ग्रामसंघ जे करू शकेल ते कोणताही डॉक्टर करू शकणार नाही. माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत मीठ असावे, असा सल्ला आहे. पाच माणसांच्या घराला तो महिन्याला पाऊण किलो होतो आणि त्यात कांदा-लसूण चटणी, लोणचे, पापड, खारे शेंगदाणे, भडंग हे सगळे धरायचे आहे. प्रत्येक गटाने एक महिना फक्त एवढेच करावे: मिठाची पिशवी ज्या दिवशी फोडली ती तारीख तिच्यावर लिहायची आणि संपली ती तारीखही लिहायची. भाषणे न देता घरोघरी आपोआप हिशेब मांडला जाईल. दुसरी गोष्ट, उन्हाळ्यात तुमचे गट चटणी करून विकत असतील, तर त्या चटणीतील मीठ यंदा थोडे आणि पुढच्या वर्षी आणखी थोडे कमी करा. जिभेला हळूहळू सवय होते. लोणच्यात मात्र टिकण्यासाठी मीठ लागते. तेथे प्रमाणाशी खेळू नका, ताटात फोड लहान वाढा. कमी सोडियमचे म्हणून मिळणारे मीठ मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, हेही सांगा.

साखरेबाबत एकच गैरसमज दूर केलात तरी पुष्कळ होईल. गूळ आणि काकवी चालते, साखर चालत नाही, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. मधुमेह असलेल्याच्या रक्तातील साखर गुळानेही तशीच वाढते. आणि मिश्री. त्याबद्दल पुरुष वक्ता काही बोलला तर बायका पदर तोंडाला लावून ऐकतील आणि घरी जाऊन पुन्हा डबी उघडतील. मिश्री सोडलेली गटातीलच एखादी बाई शोधा आणि तिला बोलू द्या. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांना १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर मोफत सल्ला मिळतो.

पैशांचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. दोन चांगली यंत्रे, वह्या आणि फलक एवढाच पहिल्या वर्षाचा खर्च आहे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंतचा अबंधित निधी मिळतो. ती समिती तुमच्या गावात कागदावर असेलच, तिची बैठक शेवटची केव्हा झाली ते विचारा. ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या नऊ संकल्पनांत ‘आरोग्यदायी गाव’ ही एक आहे, त्यामुळे सरपंचांनी मनावर घेतले तर आराखड्यात तरतूद करता येते. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घ्यावी लागते. तुमचा ठराव त्या सभेत करून घ्या, म्हणजे तो ग्रामसभेत चर्चेला येईल. सरपंचांना आणखी दोन कामे सांगता येतील: शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू आणि पन्नास मीटरच्या आत मुलांना अतिगोड, अतिखारट, अतितेलकट पदार्थ विकायला कायद्याने मनाई आहे. टपरीवाल्याला समजावून टपरी थोडी पुढे सरकवणे, हे काम सरपंचांवाचून दुसऱ्या कोणाच्यानेही होणार नाही.

पहिली बैठक दूध केंद्राच्या ओट्यावर, संध्याकाळचे माप संपल्यावर घ्या. मंडळाचा एक, कारखान्याचा एक, गावातील खासगी डॉक्टर, समुदाय आरोग्य अधिकारी, आशाताई, सरपंच आणि तुमच्या गटांच्या सचिव, एवढे पुरेत. प्रत्येकाकडून एकच काम, एकच तारीख लिहून घ्या. खासगी डॉक्टरांना विसरू नका, कारण निम्मे गाव आधी त्यांच्याच पायरीवर जाते आणि त्यांचे रुग्णही तुमच्या तीन आकड्यांत यायला हवेत.

आणि वहीतील पहिले नाव, त्यांची संमती असेल तर, तुमच्या दिरांचे असावे. एकदा पक्षाघात झालेल्या माणसाला दुसरा झटका येण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो आणि रक्तदाब ताब्यात ठेवणे हा तो टाळण्याचा सर्वांत मोठा उपाय आहे. त्यांचा रक्तदाब या आठवड्यात कोणी मोजला आहे का, गोळ्या किती दिवसांच्या उरल्या आहेत आणि फिजिओथेरपी सुरू आहे की खर्चामुळे थांबली, हे तुमच्या पत्रात नाही. ते मला कळवा. थांबली असेल, तर जिल्हा रुग्णालयात किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. घरी करायचे व्यायाम तेथे तुमच्या जाऊबाईंना शिकवून घेता येतील.